जरा डोळे मिटा

आमच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की तिसऱ्या दिवशी दुपारी बिराजदार अण्णा त्याच्या दारात उभे. हातात परीक्षेला नेतात तसलं पॅड, कानावर पेन्सिल. नाव विचारणार नाहीत, गाव विचारणार नाहीत. सरळ म्हणणार, "जरा डोळे मिटून आडवं व्हता का? पंधराच मिनिटं. हलायचं मात्र न्हाई."

आता तुम्हीच सांगा, भर दुपारी दोनला, ओळख ना पाळख, कुणी दारात येऊन असं म्हणालं तर माणसानं काय समजायचं? माझ्याकडं पहिल्यांदा आले तेव्हाच मी तोंडावर विचारलं, "अण्णा, चित्र काढताय का माप घेताय?"

"चित्र. शिकून राहिलोय."

"मग डोळे कामापुरते उघडे ठेवले तर काय बिघडतंय?"

"डोळे अजून झाले न्हाईत माझे. ते पुढं हायत," असं म्हणून ते माझ्या कपाळाकडं बघत राहिले. चेहऱ्याकडं नाही, नुसतं कपाळाकडं. मी दार लावून घेतलं आणि नंतर तासभर आरशात कपाळ बघत बसले.

मी लातूरच्या ट्यूशन भागात मुलींचं हॉस्टेल आणि मेस चालवते. मुखेड, लोहा, देगलूर, कुठून कुठून पोरी येतात, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. गंमत बघा, भूकंपानंतर याच गावात माणसं दुमजली घराला भ्यायची, महिनोन् महिने अंगणात झोपायची. आता त्याच जागेवर चार-चार मजले चढले आणि प्रत्येक मजल्यावर पोरं फिजिक्स पाठ करतात. गल्लीत स्लॅब नसलेलं एकच घर उरलं, अण्णांचं. वर पत्रे. मुलगा पुण्याहून फोनवर रागवायचा, अण्णांचं उत्तर ठरलेलं, "डोक्यावर पत्रा असला की उचलता येतो." दुपारी उन्हानं तो पत्रा ताणला की टण् करून वाजायचा. सगळी गल्ली सुस्त, कुत्रंसुद्धा गाडीखाली निपचित, आणि मधेच ते टण्. सवय होईपर्यंत माझ्या पोरींच्या हातातून पेन गळून पडायचं.

अण्णा निवृत्त तलाठी. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस देवळात जातो, नातवंडं खेळवतो, नाहीतर शेजाऱ्याशी भांडतो. अण्णांनी ड्रॉइंगचा क्लास लावला. मागच्या गल्लीत पूजा मॅडमचा क्लास आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांचा. मॅडमचं वय चोवीस, विद्यार्थ्यांचं बारा, आणि शेवटच्या बाकावर अण्णा. मॅडम आत आल्या की पोरं गोंधळ घालायची आणि अण्णा एकटे उठून उभे राहायचे.

पण शिकायची रीत त्यांची स्वतःची. आयुष्य गेलं सातबारा आणि फेरफार लिहिण्यात. सरकारी कागदावर चुकलं तर खोडरबर चालत नाही. चुकीवर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, सहीखाली तारीख. अण्णांनी सफरचंदाला तोच कायदा लावला. त्यांच्या पहिल्या सफरचंदाला तीन देठ होते. दोन खोडलेले, सही-तारखेसह.

"अण्णा, रबर घ्या हो," पूजा मॅडम हात जोडायच्या.

"रबरानं खोडल्यावर आधी काय व्हतं ते कुणाला कळणार, मॅडम? खाडाखोड कायदेशीर पाहिजे."

जलरंगाचंही तेच. पहिला हात वाळू द्या, मग दुसरा द्या, असं मॅडमनी शिकवलं. पोरं पाच मिनिटांत वाळवून मोकळी. अण्णांनी आभाळाचा निळा हात दिला आणि कागद पंधरा दिवस भिंतीला टांगून ठेवला. का, तर फेरफाराला असते तशी हरकतीची मुदत! त्या आभाळावर कुणाची हरकत आली नाही, मग त्यांनी ढग काढले.

चेहरे सुरू झाले तेव्हा मॅडमनी त्यांची एक चूक पकडली. "अण्णा, तुमची डावी भुवई नेहमी मधेच तुटते. दोन्ही भुवया सारख्या काढा."

"सबब चूक मान्य," म्हणून अण्णा डाव्या भुवईवर आडवी रेघ मारायचे, सही करायचे आणि वर दुसरी, अखंड भुवई काढायचे. पुढच्या चित्रात पुन्हा तुटकी. पुन्हा रेघ, पुन्हा सही. "हात ऐकत न्हाई, मॅडम," म्हणायचे. बारा वर्षांची पोरं खुदुखुदू हसायची.

गल्ली हसत नव्हती. त्याचं कारण पाटील काका.

पाटील काकांनी एकट्यानंच अण्णांच्या शब्दाला मनापासून मान दिला होता. तसेही ते जेवणानंतर बाजेवर आडवे व्हायचेच. अण्णांनी शेजारी बसून चित्र काढलं, सही केली, गेले. नवव्या दिवशी काका झोपेतच गेले. आता काकांचं वय शहाऐंशी, दोनदा छातीत दुखून झालेलं, पण गल्लीला कोण समजावणार? त्या दिवसापासून अण्णा दिसले की माणसं डोळे वटारून चालायला लागली. भाजीवाले लतीफभाई तर पापणी न लववता कोथिंबीर तोलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं पण मिटायचे नाहीत. माझ्या पोरींची दुपारची झोप बंद झाली. अण्णांची खिडकी समोर, म्हणून बावीसच्या बावीस पोरी टक्क जाग्या राहून बायोलॉजी वाचायच्या. सहामाहीला असे मार्क पडले की लोह्याचे एक पालक मला नारळ देऊन गेले. "काकू, तुमची शिस्त कडक हाय!" मी गप्प बसले. मला काय, नारळ मिळाला.

आणखी एक बोलायचे लोक. अण्णांना स्वतःला डोळे मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दूधवाला पहाटे जायचा तेव्हा जागे, आम्ही दिवे घालवायचो तेव्हा जागे, दुपारी तर गल्लीभर फिरायला मोकळे. "हा माणूस झोपतो कवा?" असं लतीफभाई विचारायचे आणि आपणच कानाला हात लावायचे.

मग एके दिवशी माझाच घात झाला. शेंगदाण्याचं कूट करून करून दमले होते, ओट्यावर जरा टेकले, डोळा लागला. टण् वाजलं म्हणून जागी झाले तर समोर स्टूल टाकून अण्णा बसलेले आणि माझ्या चित्राखाली सही करतायत!

काय सांगू, माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नऊ दिवस! मला मोजायलासुद्धा वेळ नव्हता, बावीस पोरींचं जेवण होतं. मी अश्विनी नावाच्या मुखेडच्या पोरीला संगं घेतलं, ती सगळ्यांत धीट, आणि अण्णांच्या मागोमाग त्यांच्या घरात शिरले. "आत्ताच्या आत्ता फाडा ते!"

"दस्तऐवज फाडता येत न्हाई, वहिनी."

मी आणखी बोलणार होते, पण माझं लक्ष भिंतीकडं गेलं. भिंतभर कागद टाचलेले. पाटील काका, लतीफभाई, दूधवाला, गॅसवाला, सगळे डोळे मिटून आडवे, बरेचसे माझ्यासारखेच कधीतरी डुलकीत सापडलेले. वर पत्रा टणटणत होता. अश्विनी एकेका चित्राजवळ जात होती. लतीफभाईच्या चित्रापाशी थांबून तिनं मिशीवर तळहात ठेवला. मग दूधवाल्याच्या दाढीवर ठेवला. मग पाटील काकांच्या टकलावर.

"काकू," ती म्हणाली, आवाज एकदम बारीक, "ही समदी एकच बाई हाय."

मी पाहिलं. खरंच, मिशी झाकली की खाली एक बाई. लांबट चेहरा, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, ओठ जरासे उघडे. दूधवाल्याच्या दाढीखाली तीच. काकांच्या सुरकुत्यांखाली तीच. सगळ्यांची डावी भुवई खोडलेली. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी तलाठ्याच्या वळणदार अक्षरात एकच ओळ. "अनोळखी स्त्री, वय अंदाजे तीस." माझ्या चित्राखालीसुद्धा तेच! मी बावन्न वर्षांची. एरवी अंदाजे तीस वाचून मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी मटकन त्यांच्याच बाजेवर बसले.

"कोण हाय ही?" मी विचारलं.

अण्णा पाणी घेऊन आले. मग खाली बसून त्यांनी सांगितलं, अगदी जबाब द्यावा तसं. भूकंप झाला तेव्हा ते किल्लारीकडं नोकरीला होते. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे गाव राहिलंच नाही. अण्णांना एका गावात मुडद्यांची नोंद करायला बसवलं. पाऊस लागून राहिलेला, लाकडं भिजलेली, थांबता येत नव्हतं. ज्यांना ओळखणारं कुणी उरलं होतं त्यांची नावं लिहिली. एक बाई अशी निघाली की तिचं सगळं घर, सगळी आळी तिच्यासोबत गेलेली. नाव सांगायला कुणी नाही. फोटोवाला नाही. अण्णांनी लिहिलं, अनोळखी स्त्री, वय अंदाजे तीस, बांधा मध्यम, रंग सावळा, हनुवटीवर गोंदण. आणि अग्नी दिला.

"तिसऱ्या दिवशी मुखेडकडचा एक माणूस आला," अण्णा म्हणाले. "व्यंकट. बहीण शोधत व्हता. मी नोंद वाचून दाखवली. तो म्हणला, सायेब, समद्याच बाया मध्यम बांध्याच्या असत्यात. गोंदणबी आमच्याकडं घरोघर. दुसरं काय सांगा. मी काय सांगणार, वहिनी? नमुन्यात रकानेच तेवढे. चेहरा तर माझ्या डोळ्यापुढं व्हता, अजून हाय, पण तो सांगायचा कसा? मला लिहिताच येत व्हतं, काढता येत न्हवतं."

व्यंकट तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी मोडक्या गावाच्या जागेवर येतो. अण्णाही जातात. दोघं एका दगडावर बसतात. व्यंकट दरवर्षी विचारतो, आणखी काही आठवतंय का, सायेब? बहिणीचं क्रियाकर्म त्यानं केलेलं नाही. कुणाचं करू, म्हणतो, सापडलीच न्हाई. अण्णांना त्याच्या हातात एकदा तो चेहरा द्यायचा होता, म्हणून गल्लीतल्या निजलेल्या माणसांवर हात बसवणं चाललं होतं. आणि घाई होती, कारण अण्णांना काचबिंदू झालेला. "कडेनं अंधार यायलाय," ते म्हणाले. "मधलं तेवढं दिसतंय अजून."

मला माझीच लाज वाटली. पण स्वभावाला औषध नाही, उठताना मी म्हटलंच, "तरी मला न विचारता काढायचं नव्हतं."

"सबब चूक मान्य," अण्णा म्हणाले.

त्या वर्षी ते चांगला एक कागद घेऊन गेले, पूजा मॅडमनी तपासलेला, भुवया दोन्ही अखंड, सहीबिही काही नाही, स्वच्छ प्रत. संध्याकाळी आले ते मान खाली घालून. मी भाकरी-पिठलं घेऊन गेले तेव्हा सांगितलं. व्यंकटनं कागद खूप वेळ धरला आणि म्हणाला, "सायेब, मी आक्काला डोळे मिटलेलं कधी बघितलंच न्हाई. आमी उठायच्या आदी ती उठायची, आमी निजल्यावर निजायची. झोपलेली आक्का कशी दिसती, मला काय ठावं?"

मी भाकरीकडं बघत बसले. माझ्या आईला तरी मी कधी झोपलेलं पाहिलं होतं?

मग अण्णा डिजिटलला लागले. पुतण्याचा जुना टॅब्लेट आणि काचेवर काढायचं पेन आलं. पूजा मॅडमनी पहिल्याच दिवशी दाखवलं, चुकलं तर दोन बोटं काचेवर टेकवा, रेघ नाहीशी होते. अण्णा टॅब्लेट ठेवून उभेच राहिले. "गेली? कुठं गेली? सही न्हाई, तारीख न्हाई? मॅडम, हे तर दप्तर गायब करणं झालं!" आठवडाभर त्यांनी काचेवरही चुकीची रेघ खोडून बाजूला सही केली. लेयर मात्र त्यांना एका दमात समजला. एका चित्रावर दुसरा पारदर्शक थर, पाहिजे तेव्हा दाखवा, नको तेव्हा झाका. "गावनकाशावर ट्रेसिंग कागद ठेवायचो तसं," म्हणाले. खाली बाईचा मिटलेला चेहरा आणि वरच्या थरावर उघडे डोळे काढायचे, असं ठरलं.

पण डोळे कुणाचे? तिचे तर त्यांनी पाहिलेच नव्हते.

तर एका दुपारी पुन्हा माझ्या दारात. "वहिनी, जरा डोळे उघडून बसता का? पंधराच मिनिटं."

मी बसले. चार दुपारी बसले, पोरींच्या पोळ्या दुसरीकडून करून घेतल्या. पाचव्या दिवशी त्यांनी मला काच दाखवली. आधी ती बाई होती, निजलेली. अण्णांनी कोपऱ्यात टिचकी मारली आणि तिनं डोळे उघडले. माझे डोळे! त्या चेहऱ्यातून मीच माझ्याकडं बघत होते. अश्विनी मागं उभी होती, ती म्हणाली, "काकू, ती तुमच्याकडं बघून राहिलीय, तुमी डोळे मिटा ना." मी मिटले. उघडले तेव्हाही ती बघतच होती. त्यानंतर किती तरी दिवस मला आरशापुढं उभं राहवत नव्हतं.

पुढच्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अण्णा व्यंकटला दुपारी घरी घेऊन आले. वाळलेला, पांढऱ्या मिशांचा, टोपी हातात. अण्णांनी मलाही बोलावलं, कारण, म्हणाले, "डोळे तुमचे हायत." व्यंकट बाजेच्या कडेवर बसला. अण्णांनी टॅब्लेट त्याच्या मांडीवर ठेवला आणि टिचकी मारली.

पत्रा टण् वाजला. व्यंकट बघत राहिला. मी देवाला म्हटलं, हो म्हणू दे रे बाबा याला एकदाचं.

"न्हाई," तो म्हणाला. "बाई चांगली हाय, सायेब. लई चांगली काढली. पण आक्का न्हाई."

अण्णांनी काच बंद केली. मी चहा आणते म्हटलं, व्यंकट म्हणाला, मुखेडची गाडी जाईल. तो उठला, टोपी घातली, पिशवी घ्यायला भिंतीकडं वळला आणि तिथंच थांबला.

भिंतीवर ते जुने कागद तसेच होते. तो सगळ्यांत जुन्या कागदाजवळ गेला, पाटील काकांच्याही आधीचा, नुसता पेन्सिलीचा, वेडावाकडा, नाक दोनदा खोडलेलं. त्यानं बोट लावलं डाव्या भुवईवर. वरच्या अखंड भुवईवर नाही. खालच्या, रेघ मारलेल्या.

"हे कुणी खोडलं?"

"मी," अण्णा म्हणाले. "चूक व्हती. हात सारखा तुटकीच काढायचा. मॅडमनी दुरुस्त करायला लावली."

"चूक न्हवं, सायेब," व्यंकटचा आवाज चिरकला. "ती माझ्या हातची हाय. मी पाच वर्साचा असताना रागानं विळा फेकून मारला व्हता आक्काला. भुवई फाटली. तितं पुना केस आलेच न्हाईत. घरी म्हनली, दगडावर पडले. मला मार बसू नये म्हनून. मी कुनालाच सांगितलं न्हाई, सायेब. तुमालाबी न्हाई. मला वाटलं, हे कुटं सांगायचं..."

आणि तो भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. "आक्का," म्हणाला. "आक्का गं." मीही रडले. मला लपवायचं नाही, मी मोठ्यानं रडले.

अण्णा रडले नाहीत. त्यांनी तो कागद भिंतीवरून काढला, टेबलावर ठेवला, चष्मा लावला, पेनचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव सांगा."

"सोजरबाई."

"वय?"

"बत्तीस व्हतं."

कागद डोळ्याच्या अगदी जवळ धरून अण्णांनी "अनोळखी स्त्री" यावर एक सरळ आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, सोजरबाई, वय बत्तीस. सही केली, तारीख घातली. मग अखंड भुवई खोडली. आणि तुटक्या भुवईच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, "मूळ रेघ कायम." पुन्हा सही. व्यंकटकडून सही घेतली, मग पेन माझ्यापुढं केलं, "वहिनी, तुमी पंच."

मी डोळे पुसत लिहायला गेले आणि माझ्या नावातलं पहिलंच अक्षर फसलं. "थांबा," मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकू द्या. एक रेघ मारा अन् फिरून लिहा."

मी तसंच केलं.

व्यंकट कागद गुंडाळून छातीशी धरून गेला. आता घरी जाऊन दहावा-तेरावा सगळं करतो म्हणाला. मी कपबशा गोळा करत होते तेव्हा अण्णा बाजेवर बसले होते, हात मांडीवर, भिंतीवरच्या एका रिकाम्या चौकोनाकडं बघत.

"वहिनी, पंधरा मिनिटं पडू का? इतकी वर्षं डोळे मिटले की तीच यायची. म्हणायची, नाव लिव्हा की. बघू आता."

"पडा," मी म्हटलं. "मी हाय दाराशी."

ते आडवे झाले. डोळे मिटले. मी उंबऱ्यावर बसून राहिले. पंधरा मिनिटं झाली, तास झाला, हॉस्टेलवर पोरी जेवणासाठी ओरडायला लागल्या, पत्रा दोन-चारदा वाजला. अण्णा जागे झाले नाहीत. ते घोरत होते, इतक्या जोरात की समोरून लतीफभाई गाडा थांबवून बघायला आले. मी तोंडावर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं.